सुट्या भागांची मोटार

पुतण्याच्या घरी नॉर्थॅम्प्टनला पोहोचलो त्याच दिवशी संध्याकाळी तो मला मागच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. दिवा लावला आणि म्हणाला, ‘‘काका, ही माझी मोटार.’’ समोर मोटार नव्हती. चौकोनी पोकळ नळ्यांचा एक लांबट पिंजरा दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता. भिंतीशी जुन्या माझदाचं इंजिन गोणपाटावर बसवलेलं. फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेले डबे: पुढचे ब्रेक, मागचे हब, स्टिअरिंग, ‘काय आहे कळत नाही’. कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या गुंडाळ्या.

मी आयुष्याची एकतीस वर्षं सीमाशुल्काच्या मूल्यांकनात काढली. परदेशातून आलेल्या खोक्यात काय आहे आणि कायद्याने त्याला काय म्हणायचं, हे ठरवण्याचं ते काम. ढिगाकडे बघून तोंडातून आपोआप निघालं, ‘‘आमच्या नियमाने ही आजच मोटार आहे.’’

तो हसला. ‘‘इंग्लंडच्या नियमाने ती मोटार नव्हती, म्हणून तर हा सगळा उद्योग सुरू झाला.’’

त्या एका वाक्यामागे मी पुढची दोन वर्षं लागलो. तिथल्या दोन मुक्कामांत ग्रंथालयं पाहिली, जुनी मोटार-मासिकं चाळली, आणि मधल्या वेळात पुतण्याचे पत्रे धरले.

आधी आमचा नियम सांगतो. १९७५ च्या सीमाशुल्क दरपत्रक कायद्यात वस्तूंचं वर्गीकरण कसं करावं याचे काही नियम आहेत. त्यांतल्या दुसऱ्याचा आशय असा, की पूर्ण वस्तू न जोडलेल्या किंवा सुट्या केलेल्या स्थितीत आली तरी ती पूर्ण वस्तूच समजावी. सायकलची चाकं एका खोक्यात आणि दांडा दुसऱ्यात आला म्हणून ती सायकल असायची थांबत नाही. नियम समंजस आहे आणि जगभर चालतो. कारण उघड आहे. सुट्या भागांवर कर कमी आणि पूर्ण वस्तूवर जास्त असला, की माणूस पाना हातात घेतो.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं, आणि सरकारने ते तीसेक वर्षं चालू दिलं.

युद्धाच्या धामधुमीत, ऑक्टोबर १९४० मध्ये, ब्रिटनने ‘खरेदी कर’ आणला. चैनीच्या वस्तूंत कच्चा माल वाया जाऊ नये हा हेतू. युद्ध संपलं, कर राहिला. देश कर्जात होता, मोटारी परदेशी विकून डॉलर आणायचे होते आणि घरच्या माणसाने मोटार घेऊ नये अशीच सरकारची इच्छा होती. १९५१ मध्ये मोटारींवरचा दर ६६ टक्क्यांच्या वर गेला, १९५३ मध्ये ५० झाला, १९५५ मध्ये पुन्हा ६०. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. पेट्रोलवर १९५० च्या मे महिन्यापर्यंत रेशन होतं.

पण कर होता तो पूर्ण मोटारीवर. सुटे भाग म्हणजे दुरुस्तीचं सामान. जुनी गाडी चालू ठेवण्याला चैन म्हणता येत नव्हतं. या फटीतून एक अख्खा धंदा आणि त्याहून मोठा एक छंद बाहेर पडला.

या गोष्टीतला मुख्य माणूस कॉलिन चॅपमन, जन्म १९२८. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो इमारती-पुलांचं अभियांत्रिकी शिकत होता आणि जोडीला जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करत होता. १९४७ च्या शरदात सरकारने खाजगी मोटारींना मिळणारं पेट्रोलचं मूळ रेशनच बंद केलं. जुन्या मोटारींचा बाजार कोसळला, चॅपमनची कमाई त्यात बुडाली आणि हातात एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन उरली. ती त्याने मैत्रिणीच्या, हेझल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात नेली, वरची बॉडी काढून टाकली आणि १९४८ मध्ये स्वतःच्या रेखाटनाने नवी चढवली. ती पहिली लोटस. सरकारी हुकमाने ज्याचा धंदा बुडाला त्याने पुढे सरकारी कराच्याच आधाराने कंपनी उभी केली, हे मला करखात्यातला माणूस म्हणून विशेष वाटतं.

ऑस्टिन सेव्हनबद्दल दोन शब्द. १९२२ ते १९३९ या काळात निघालेली ही लहानशी, स्वस्त गाडी. युद्धानंतर ती भंगाराच्या भावात मिळे. सांगाडा साधा, इंजिन साधं, आणि सुटे भाग गल्लोगल्ली. वरचा डबा कुजला की लोक तो फेकत आणि खालच्या सांगाड्यावर हाताने ठोकलेला पत्रा बसवून धावायची गाडी करत. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने या गाड्यांच्या शर्यती भरवल्या आणि चॅपमनही त्यांत उतरला. म्हणजे मोटार घरी बांधण्याची सवय आधीपासून होती. कराने तिला गिऱ्हाईक दिलं.

१ जानेवारी १९५२ ला चॅपमनने लोटस कंपनी सुरू केली, तीही उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागच्या तबेल्यात. त्याच वर्षीच्या ‘मार्क सिक्स’पासून त्याने सांगाडा स्वतःचा केला: बारीक नळ्या, त्रिकोण साधत जोडलेल्या. पूल शिकलेल्या माणसाचं हे डोकं. त्रिकोण वाकत नाही, म्हणून नळी बारीक चालते. नळी बारीक म्हणून गाडी हलकी, आणि गाडी हलकी म्हणून लहान इंजिनही पुरतं. गिऱ्हाईक सांगाडा आणि पत्रे नेई, इंजिन नि आस जुन्या फोर्डचे काढून त्यात घाली.

१९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आली. दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, चाकांवरचे मडगार्ड सायकलसारखे वेगळे. इंजिन फोर्डचं ११७२ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. पूर्ण जोडलेली गाडी करासह १०३६ पौंडांना पडे. सुट्या भागांत घेतली तर ५३६ पौंडांना. हे दोन आकडे प्रत्येक लेखात सापडतात आणि फरकाचे पाचशे पौंड सरसकट ‘कर वाचला’ म्हणून सांगितले जातात. यावर माझा आक्षेप आहे. खरेदी कर घाऊक किमतीवर लागे, किरकोळ किमतीवर नव्हे. ६० टक्के दराने हिशेब मांडला तर एवढ्या किमतीच्या गाडीवर कर साडेतीनशे पौंडांच्या आसपास येतो. उरलेले दीडशे म्हणजे कारखान्यात जोडणाऱ्याची मजुरी आणि नफा. कर सरकारने सोडला. मजुरीचे पैसे गिऱ्हाइकाने शनिवार-रविवार राबून स्वतःच स्वतःला दिले. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर पुढे काय झालं ते समजतं.

एक किस्सा इंग्लंडमध्ये फार सांगतात. किटबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर ती पूर्ण मोटार ठरेल असं करखात्याचं म्हणणं होतं. कंपनीने मग गाडी खोलायच्या सूचना दिल्या; गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या. किस्सा इतका सुबक आहे की मला तो ऐकताक्षणी संशयास्पद वाटला. पण नियमाचं पोट तो बरोबर दाखवतो. गाडी मालकाने स्वतः जोडायची, व्यावसायिकाच्या हातून नव्हे, या अटीवर सगळी सवलत उभी होती. चॅपमनसाठी तो विक्रीचा मार्ग होता. गिऱ्हाइकाच्या मात्र हातात कायद्यानेच पाना दिला होता.

हा पाना किती हातांत गेला? वेल्समध्ये जाईल्स स्मिथ नावाचा खाटीक आणि बर्नार्ड फ्रीझ नावाचा जर्मन अभियंता भेटले, दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून ‘गिल्बर्न’ नावाची मोटार १९५९ पासून काढू लागले. ती सुट्या भागांत विकली जाई. वॉकलेट बंधूंनी जिनेट्टा काढली. फायबरग्लासची तयार बॉडी विकणारे तर गावोगाव झाले.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मात्र कुठल्या कारखान्यातून आला नाही. केंटमधल्या सटन व्हॅलन्स शाळेत जॉन हेन्स नावाचा मुलगा होता. जन्म सिलोनच्या चहामळ्यातला. रग्बी खेळण्याऐवजी ऑस्टिन सेव्हनची स्पेशल बांधायची परवानगी त्याने शिक्षकाकडून मिळवली. गाडी झाली, विकली, आणि लोक ‘कशी बांधलीस’ म्हणून विचारू लागले. १९५६ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. पहिल्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे हवाई दलात एडनला असताना सहकाऱ्याची गाडी दुरुस्त करताना त्याला जाणवलं, की कारखान्याची पुस्तकं साध्या माणसासाठी लिहिलेलीच नसतात. मग त्याने गाडी पूर्ण खोलून, प्रत्येक पायरीचा फोटो घेऊन, पुन्हा जोडून पुस्तक केलं. १९६६ मध्ये निघालेलं हे पहिलं ‘हेन्स मॅन्युअल’. ही पुस्तकं ज्यांनी वापरली त्यांना त्यांतली हुकमी सूचना आठवेल: जोडणी ही खोलण्याच्या उलट क्रमाने करावी. लोटसचा किस्सा खरा असो वा रचलेला, त्याचा अर्थ या शाळकरी मुलाने छापून विकला.

१९६२ पासून फट बुजू लागली. त्या एका वर्षात कर आधी ४५ आणि नोव्हेंबरमध्ये २५ टक्क्यांवर आला. जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली होती. तिने कुजके सांगाडे रस्त्यावरून काढले. शेवटी ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि १ एप्रिल १९७३ ला खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला. तो भागांवरही लागतो. मोटार आणि ढीग यांतला कायद्याचा मोठा फरक संपला. गिल्बर्न लवकरच बंद पडली. चॅपमनला आता महाग, पूर्ण गाड्या विकायच्या होत्या. त्याने सेव्हनचे हक्क ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅम कंपनीला १९७३ मध्येच दिले.

कागदावर बघता ही कहाणी इथे संपायला हवी. सवलत गेली की सवलतीची वस्तूही जाते, हे आम्ही करखात्यात रोज पाहतो. इथे ती गेली नाही. केटरहॅम सेव्हन किटमध्ये विकली जात राहिली, आणि १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. हे आउंडल शाळेत तंत्रविषय शिकवत. २५० पौंडांपासून पुढे स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, असं शीर्षकच सांगत होतं. यात किटही नाही. एक इंची चौकोनी नळ्या बाजारातून आणायच्या, मापाने कापायच्या, घरी वेल्ड करायच्या आणि मोडीतल्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव त्यात घालायचे. घाट सेव्हनचाच. प्रकाशक कोण, तर हेन्स. चाळीस वर्षांपूर्वी पुस्तिका लिहिणारा तो मुलगा. वाचवायला कर उरला नव्हता. उरली होती ती फक्त स्वतःला द्यायची मजुरी. लोक त्यासाठीही तयार होते.

पुतण्याचा पिंजरा याच पुस्तकाच्या वंशातला. पण पुस्तकातल्या मापात आमच्या घराण्याची रुंदी मावत नाही. मूळ मापात बसल्यावर त्याच्या कोपराने बाहेरचा रस्ता पुसला असता, आणि पेडलं इतकी जवळ की एका बुटाखाली दोन यावीत. त्याने सांगाडा चार इंच रुंद केला. ऐकायला सोपं, पण चार इंचांनी आडव्या नळ्या बदलल्या की तिरप्या नळ्यांचा कोन बदलतो, मग मागच्या आसाची जागा, मग प्रोपेलर शाफ्टची लांबी. तीन महिने त्यात गेले. एकदा स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या नळीतून जातो असं ध्यानात आलं, ते इंजिन चौथ्यांदा बसवल्यावर.

माझ्याकडे काम होतं रिव्हेटचं. सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा, भोक पाडायचं, रिव्हेट घालायचा, चिमटा दाबायचा. दोन-दोन इंचांवर एक. पत्रा जरा ताणून धरला नाही तर उन्हात फुगतो आणि गाडी चालताना डमरूसारखा वाजतो. पहिला पत्रा मी वाकडा बसवला. पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळे रिव्हेट ड्रिलने काढलेले दिसले.

जेवताना एकदा त्याने विचारलं, ‘‘काका, आपल्याकडे हे का झालं नाही? हात तर आपल्याकडेही होते.’’

होते, आणि गाड्याही सुट्या भागांतच येत होत्या. मुंबईच्या शिवडीत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारी जोडायला सुरुवात केली. भाग जहाजाने येत. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आधी परदेशी भागच जोडले जात. पण खोकी फुटत ती कारखान्यात. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी बंद करावी, आणि जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतचे सुट्या भागांचे कारखाने अशाच धोरणावर वाढले. पण त्यात जोडणारा माणूस म्हणजे परवानाधारक कंपनी, हे गृहीत होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बांधले, ते रस्त्यावर धावलेही. कारखाना काही उभा राहिला नाही.

आजचे नियम तर आणखी स्पष्ट आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासावा लागतो, आणि तो घेऊन जायचा उत्पादकाने. नोंदणी झालेल्या गाडीत मूळ तपशिलाला धक्का लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या घाटाची रोडस्टर काढली, ॲम्बॅसेडरमध्ये बसत असे ते इसुझूचं इंजिन घालून. तीही कंपनीच. शनिवारी-रविवारी घरात एकच मोटार बांधणाऱ्यासाठी आपल्या कायद्यात रकाना नाही.

मी हे सगळं पुतण्याला सांगितलं. एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही.

१९८९ ची गोष्ट. मी ज्या बंदरात होतो तिथे एका गॅरेजवाल्याचा माल आला: जुनं इंजिन, गिअरबॉक्स, आस. महिन्याभराने त्याच्या मेव्हण्याच्या नावावर दरवाजे, बॉनेट, काचा. दोन्ही कागद माझ्या टेबलावर आले म्हणून मला ते दिसलं. मी दोन्ही बिलं जोडली आणि लिहिलं की ही न जोडलेल्या स्थितीतली एक मोटार आहे. कायद्याने ते बिनचूक होतं. तो माणूस सुनावणीला आला, काळे पडलेले हात टेबलाखाली धरून बसला आणि एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, मला ती जोडायची होती.’’ ते वाक्य मी कबुलीजबाब म्हणून टिपणात घातलं. माल जप्त झाला. त्या टिपणासाठी माझी पाठ थोपटली गेली होती.

ब्रिटनमध्येही घरच्या गाडीला मोकळं रान नाही. १९९८ पासून एकेका गाडीची तपासणी सक्तीची झाली, २००९ पासून ती आणखी कडक. ब्रेक, धूर, दिवे, स्पीडोमीटर हे आलंच. शिवाय हात लागेल अशा प्रत्येक बाहेरच्या कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते, पादचाऱ्याला कापू नये म्हणून. पुतण्याला डॅशबोर्डवर १९५७ च्या धर्तीचे लोखंडी खटके हवे होते. दोन महिने शोधून आणले होते. पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली ती त्या खटक्यांवर, मडगार्डच्या एका कडेवर, आणि स्टिअरिंग सोडल्यावर ते आपणहून सरळ येत नाही म्हणून. खटके काढून चपटी बटणं बसवली, कडेला रबर लावलं, चाकांचे कोन पुन्हा जुळवले. खटके एका डब्यात घालून त्याने फळीवर ठेवले. पुढे काय होणार हे मला दिसत होतं, पण मी आता निवृत्त आहे.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री तो स्वयंपाकघराच्या टेबलावर फाइल लावत बसला. गाडी हौशी माणसाने स्वतःसाठी बांधली आहे, याचा पुरावा द्यावा लागतो: प्रत्येक भागाची पावती, आणि बांधणीच्या टप्प्यांचे फोटो. धंदेवाल्याने बांधलेली असेल तर नियम वेगळे. मी सवयीने पावत्या तारीखवार लावून दिल्या. फोटोंच्या गठ्ठ्यात मधोमध एक माझा निघाला. गॅरेजच्या दिव्याखाली गुडघ्यावर बसलोय, हातात रिव्हेटचा चिमटा, बोटं काळी.

‘‘हा काढ,’’ मी म्हणालो. ‘‘दुसऱ्याने मदत केली म्हणतील.’’

‘‘घरच्या माणसाची चालते,’’ तो म्हणाला, आणि फोटोच्या खाली तारीख घालून त्याने तो फाइलमध्ये लावला.